चपटे कृमि आणि कोंकणचें पाणी

कोंकणच्या पाण्याची ख्याति त्याच्या पराक्रमावर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणांत कोसळणारा पाऊस, दुथडी भरून धांवणाऱ्या सावित्री आणि वाशिष्ठी, महाडच्या बाजारपेठेंत शिरणारा पूर, हें त्याचें ओळखीचें रूप. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळली, ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्या दिवसापासून डोंगरउतारावरच्या त्या लहानशा गांवाचें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. परंतु या पाण्याला दुसरेंही एक रूप आहे. पाऊस ओसरला कीं तेंच पाणी भाताच्या खांचरांत, वहाळाच्या डोहांत, जांभ्याच्या कातळावरील खळग्यांत आणि गांवच्या तळ्यांत स्थिर होतें. चैत्र-वैशाख येईपर्यंत तें आटत आटत एखाद्या पाणवठ्यापुरतें उरतें. मग माणसें आणि गुरें, बायकांचीं धुणीं आणि मुलांचें डुंबणें, सर्व कांहीं त्या एवढ्याशा पाण्याभोंवतीं गोळा होतें.

दरडीचा आवाज दूरवर ऐकूं येतो. या शांत पाण्यांत जें घडतें त्याला आवाज नसतो. अशा पाण्याच्या आश्रयानें जगणाऱ्या चपट्या कृमींनीं एके काळीं मुंबईच्या शास्त्रज्ञांना चिंतेंत टाकलें होतें, आणि पुढें याच कोंकणांतील एका गांवानें त्या चिंतेचें अनपेक्षित उत्तर दिलें. तें उत्तर समजण्यास आधीं या प्राण्यांची थोडी ओळख हवी.

चपट्या कृमींच्या वीस हजारांहून अधिक जातींचें वर्णन आजवर झालें आहे. नांवाप्रमाणें त्यांचें शरीर चपटें असतें, आणि त्या चपटेपणाला सबळ कारण आहे. या प्राण्यांना फुप्फुसें नाहींत, हृदय नाहीं, रक्तवाहिन्याही नाहींत. प्राणवायु त्वचेवाटे आंत झिरपून पेशीपेशीला मिळावा लागतो. शरीर जाड झालें तर मध्यावरच्या पेशी गुदमरतील. म्हणून निसर्गानें त्यांना पानासारखें पातळ ठेविलें आहे. बहुतेकांच्या अन्ननलिकेला एकच द्वार असतें. अन्न ज्या वाटेनें आंत गेलें त्याच वाटेनें उरलेला गाळ बाहेर पडतो. पट्टकृमींना तर अन्ननलिकाच नाहीं. दुसऱ्याच्या आंतड्यांत त्यानें पचविलेल्या अन्नांत ते बुडून राहतात आणि कातडीनेंच तें शोषून घेतात.

यांपैकीं जे स्वतंत्रपणें राहतात ते बहुतेक शिकारी आहेत. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं दगड उलटून पाहिल्यास सागरी चपटे कृमि सांपडतात. त्यांच्यांतील कांहींच्या अंगाची रंगीत किनार पैठणीच्या कांठाची आठवण करून देते. गोड्या पाण्यांतील प्लॅनेरिया त्यामानानें गरीब. बोटाच्या पेराहूनही लहान, करडा, दोन तिरळ्या डोळ्यांचा. परंतु त्याची एक शक्ति पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनीं १८९८ च्या सुमारास प्लॅनेरियाचे तुकडे करून पाहिले, तेव्हां त्याच्या शरीराच्या २७९ व्या अंशाएवढ्या तुकड्यापासूनही पुन्हां पूर्ण प्राणी तयार होऊं शकतो असें त्यांना आढळलें. त्याच्या अंगांत राखीव पेशी विखुरलेल्या असतात, आणि जेथें जें उणें असेल तेथें तें त्या भरून काढतात.

जमिनीवर राहणारे चपटे कृमि ओलाव्याचे गुलाम असतात. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या पालापाचोळ्यांत कुदळीसारख्या रुंद डोक्याचा, चिकट, लांबट असा बायपॅलियम फिरतांना दिसतो. गांडुळ हें त्याचें भक्ष्य. तो गांडुळाच्या अंगावर चढतो, चिकट स्रावानें त्याला जखडतो, आणि स्वतःच्या अंगाच्या मध्यभागीं असलेलें तोंड बाहेर काढून त्याला जागच्या जागीं पचवूं लागतो. बायपॅलियमच्या अंगांत टेट्रोडोटॉक्सिन नांवाचें जहाल विष असतें, हें २०१४ सालीं सिद्ध झालें. फुगा माशाचें प्रसिद्ध विष तें हेंच. या वंशाच्या एका जातीचें वर्णन मोस्ली यांनीं १८७८ सालीं केलें, तें लंडनजवळच्या क्यू उद्यानांतील उष्णगृहांत सांपडलेल्या प्राण्यावरून. आशियांतील रोपांच्या मुळांशीं असलेल्या मातींतून त्यानें विलायतेचा प्रवास केला होता. माणसाच्या येण्याजाण्याबरोबर हे मूक प्राणीही देशांतर करतात, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

चपट्या कृमींच्या निम्म्याहून अधिक जाती मात्र दुसऱ्याच्या शरीरांत किंवा शरीरावर राहून उदरनिर्वाह करतात. माशांच्या कल्ल्यांना बिलगून राहणाऱ्यांचा एक वर्ग, फितीसारख्या लांब पट्टकृमींचा दुसरा आणि पानाच्या आकाराच्या पर्णकृमींचा तिसरा. पोटांतील कृमि आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. चरकसंहितेंत कृमींचे वीस प्रकार सांगितले असून त्यांवर तीन उपाय दिले आहेत: कृमि ओढून बाहेर काढणें, त्यांना अनुकूल अशी शरीराची स्थिति मोडणें, आणि ज्या कारणानें ते होतात तें कारण टाळणें. परंतु तें कारण नेमकें कोणतें? कृमि शरीरांत शिरतात कोठून? या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकापर्यंत जगांत कोणाकडेच नव्हतें. ते आंतड्यांत आपोआप उत्पन्न होतात, असें युरोपांतले विद्वानही मानीत.

हा समज मोडण्यास कारण झाले डेन्मार्कचे स्टीनस्ट्रुप. एकाच प्राण्याच्या पिढ्या आळीपाळीनें निरनिराळीं रूपें घेतात, हें त्यांनीं १८४२ सालीं मांडलें. त्यानंतर जर्मनींत क्यूखेनमायस्टर यांनीं १८५५ च्या सुमारास देहांताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला नकळत डुकराच्या मांसांतील बारीक फोड खाऊं घातले. शिक्षेनंतर त्याच्या आंतड्यांत कोंवळे पट्टकृमि सांपडले. प्रयोगाची ती रीत आज कोणालाही मान्य होणार नाहीं. पण एका कृमीला दोन घरें लागतात, ही गोष्ट त्यानें निर्विवाद ठरली.

पर्णकृमींचें दुसरें घर कोणतें, हें मेंढ्यांच्या निमित्तानें कळलें. १८७९-८० च्या ओल्या हंगामांत इंग्लंडांत यकृतांतील पर्णकृमींनीं लाखों मेंढ्या मेल्या. तेव्हां ऑक्सफर्डचे थॉमस आणि लाइपझिगचे लॉइकार्ट यांनीं १८८१ ते १८८३ च्या दरम्यान परस्परांपासून स्वतंत्रपणें त्या कृमीचा जीवनक्रम उलगडला. कृमीचीं अंडीं शेणावाटे पाण्यांत जातात. अंड्यांतून निघालेला अळीवजा जीव एका विशिष्ट गोगलगाईच्या शरीरांत शिरतो. तेथें एकाचे शेंकडों होतात. ते शेपटीचे सूक्ष्म जीव, म्हणजे सर्केरिया, बाहेर पडून पाण्याकांठच्या गवतावर पुटकुळ्यांसारखे चिकटतात आणि गुरांच्या चाऱ्यांतून पुन्हां यकृतांत पोहोंचतात. आपल्याकडील गाईम्हशींच्या यकृतांत याच कृमीची थोरली बहीण म्हणावी अशी जात आढळते. पाणथळ जागेंत चरणारें जनावर खंगत जातें, हा शेतकऱ्याचा अनुभव; त्याचें कारण गवताच्या पात्यावर आणि त्याआधीं गोगलगाईच्या पोटांत असतें.

पर्णकृमींतील सर्वांत कुप्रसिद्ध घराणें शिस्टोसोमाचें. त्याचा इतिहास मिसर देशाइतका जुना आहे. मार्क आर्मंड रुफर यांना १९१० सालीं मिसरच्या विसाव्या राजवंशांतील ममींच्या मूत्रपिंडांत त्याचीं अंडीं सांपडलीं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीं नाईलच्या कांठचे लोक या रोगानें पीडलेले होते. प्रत्यक्ष कृमि मात्र १८५१ सालीं कैरोच्या कस्र-अल-ऐनी इस्पितळांत थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनांत दिसला, आणि त्याच्या नांवावरून रोगाला बिल्हार्झिया हें नांव पडलें. हा कृमि मूत्राशयाभोंवतींच्या शिरांत राहतो. चपट्या कृमींत नर-मादी बहुधा एकाच देहांत असतात. येथें मात्र दोन देह वेगळे आहेत, आणि नराच्या अंगाच्या पन्हळींत सडपातळ मादी वर्षानुवर्षें वास करते. तिचीं टोंकदार अंडीं मूत्राशयाची भिंत फोडून लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून लघवींतून रक्त जाणें हें या रोगाचें मुख्य लक्षण. पुष्कळ काळ राहिल्यास त्यांतून मूत्राशयाचा कर्करोगही उद्भवतो.

या कृमीची वाटही गोगलगाईंतूनच जाते. जपानमध्यें मियाइरी आणि सुझुकी यांनीं १९१३ सालीं तिकडील शिस्टोसोमाची गोगलगाय शोधून काढली. पहिलें महायुद्ध सुरू होऊन मिसरमध्यें ब्रिटिश फौजा उतरल्या, तेव्हां प्रोफेसर लीपर यांना १९१५ सालीं तेथें पाठविण्यांत आलें. मूत्राशयांतील शिस्टोसोमा बुलिनस नांवाच्या गोगलगाईंतून पसरतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. तिच्यांतून बाहेर पडलेले दुभंगलेल्या शेपटीचे सर्केरिया पाण्यांत उतरलेल्या माणसाची अखंड कातडी कांहीं मिनिटांत भेदून आंत शिरतात. पाणी पिण्याचीही आवश्यकता नाहीं. पाय बुडविणें पुरेसें होतें.

येथें मुंबईचा संबंध येतो. भारतीय सैनिक मिसर आणि मेसोपोटेमिया या दोन्हीं आघाड्यांवर लढत होते, आणि दोन्हीं देश या रोगाचीं माहेरघरें. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या नद्यांकांठीं झुंजल्या. त्यांतील जवान रत्नागिरी, सातारा आणि त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यांतील गांवांचे. हे लोक मुंबई बंदरांत उतरून आपापल्या पाणवठ्यांवर परतणार होते. त्यांच्यापैकीं कांहींच्या शरीरांतून कृमीचीं अंडीं आलीं, आणि कोंकणच्या तळ्यांत त्या कृमीला चालणारी गोगलगाय असली, तर? विहिरी-तळ्यांवर जगणाऱ्या देशाच्या दृष्टीनें हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें त्या वेळीं बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी होती. १९२५ पासून तीच हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते. प्लेगच्या प्रसारांत उंदरावरील पिसवेचा हात दाखवून देणाऱ्यांपैकीं एक, डब्ल्यू. ग्लेन लिस्टन, आणि त्यांचे सहकारी एम. बी. सोपारकर यांनीं येथें गोगलगाईंकडे लक्ष वळविलें. मुंबईच्या परिसरांतील पाण्यांत प्लॅनॉर्बिस एक्झस्टस नांवाची, चकलीसारख्या वेटोळ्याची, तांबूस रंगाची गोगलगाय विपुल. तिच्या शरीरांतून दुभंगलेल्या शेपटीचे सर्केरिया बाहेर पडत. हेच तर माणसाच्या रोगाचे दूत नव्हेत? लिस्टन आणि सोपारकर यांनीं १९१८ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें: हा शिस्टोसोमा माणसाचा नसून गुरांचा होता. माँटगोमेरी यांनीं १९०६ सालीं भारतांतील जनावरांत ज्याचें वर्णन केलें होतें तो शिस्टोसोमा स्पिंडेल याच गोगलगाईंत वाढत होता. १९२१ सालीं सोपारकरांनीं त्या सर्केरियाचें सविस्तर वर्णन दिलें.

या शोधाचें महत्त्व दुहेरी होतें. एक तर गुरांच्या रोगाची वाट सांपडली. पुढें मद्रासच्या अनंत नारायण राव यांनीं १९३३ सालीं गुरांच्या नाकांत गांठी उठवून त्यांना घोरायला लावणारा शिस्टोसोमा ओळखला. त्याचीही मध्यस्थ हीच गोगलगाय. भाताच्या खांचरांत उभ्या राहणाऱ्या माणसांच्या पायांना जी खाज सुटते तिचेंही एक कारण हे गुरांचे सर्केरिया आहेत. ते चुकून माणसाच्या कातडींत शिरतात आणि तेथेंच मरतात. दुसरें महत्त्व असें कीं, भारताच्या पाण्यांत दिसणारा प्रत्येक दुभंग शेपटीचा जीव बिल्हार्झियाचा नव्हे, हें कळलें. युद्धानंतर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संशोधकांनीं या कामाला जोड दिली, आणि सेमूर सिवेल यांनीं १९२२ सालीं भारतांतील सर्केरियांवर आपला बृहत् ग्रंथ प्रसिद्ध केला. मिसरची बुलिनस गोगलगाय येथें नव्हती. सैनिक घरीं परतले, पण गांवोगांव साथ उसळली नाहीं. भारतांत मानवी बिल्हार्झियाला योग्य गोगलगाय नाहीं, असें मत हळूहळू रूढ झालें आणि तीस वर्षें टिकलें.

या मताला आधार होता, हें नाकारतां येत नाहीं. शिस्टोसोमा आपल्या गोगलगाईच्या बाबतींत अत्यंत काटेकोर असतो. नको त्या गोगलगाईंत तो शिरला तर तिच्या रक्तांतील पेशी त्याला वेढून मारतात. आपली प्लॅनॉर्बिस, जिला आतां इंडोप्लॅनॉर्बिस म्हणतात, ती तर आफ्रिकेंतील बुलिनसची अगदीं जवळची नातलग असल्याचें आधुनिक संशोधनानें दाखविलें आहे. तरी मूत्राशयांतील शिस्टोसोमाला तिच्या घरीं थारा मिळाल्याचें दिसलें नाहीं. एवढ्या जवळच्या नातलगाचा नकार पाहून बाकीच्या गोगलगाईंचा नकार गृहीत धरला गेला. चूक झाली ती येथें.

१९५२ सालीं डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनीं मुंबई राज्यांत मानवी शिस्टोसोमाचें एक कायमचें ठाणें असल्याचें जाहीर केलें. तें ठाणें होतें वाशिष्ठीच्या दक्षिणेस, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांतील गिमवी या गांवीं. गिमवीच्या लोकांना लघवींतून रक्त जाण्याची व्यथा होती, आणि त्यांच्या लघवींत शिस्टोसोमाचीं टोंकदार अंडीं होतीं. रोग बाहेरून आलेल्या एखाद्या खलाशाचा किंवा यात्रेकरूचा नव्हता. तो गांवच्या पाण्यांतच वस्ती करून राहिला होता. मग गोगलगाय कोणती? गाडगीळ-शहा यांच्या पुढील संशोधनांत फेरिसिया टेन्युइस या जातीकडे बोट दाखविलें गेलें.

फेरिसिया पाहिली म्हणजे ती इतकीं वर्षें दृष्टीआड कां राहिली तें उमगतें. तिला वेटोळें नाहीं. तिचा शिंपला टोपीच्या आकाराचा, नखाच्या तुकड्याएवढा पातळ आणि जेमतेम कांहीं मिलिमीटरांचा. ती पाण्यांत पडलेल्या पानाला किंवा दगडाला खालच्या बाजूनें चिकटून बसते. तळ्याच्या कांठाशीं उभें राहून जाळें फिरविणाऱ्याला मोठ्या, तांबड्या गोगलगाई शेंकड्यांनीं मिळतात. ही मिळवायची तर कुजलेलें पान उचलून उलटें करावें लागतें. परळच्या संशोधकांनीं ज्या गोगलगाईची परीक्षा केली तिच्याविषयींचा त्यांचा निष्कर्ष अचूकच होता. परंतु एका गोगलगाईच्या परीक्षेवरून साऱ्या देशाचें पाणी निर्दोष ठरविणें हें त्या निष्कर्षाच्या अधिकाराबाहेर होतें.

गिमवीचा कृमि हुबेहूब आफ्रिकेंतीलच जातीचा कीं निराळा, याविषयीं अभ्यासकांत मतभेद राहिले. गायतोंडे, साठे प्रभृतींनीं गिमवी गांवाचा केलेला अभ्यास १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिल्या वृत्तानंतर तीन दशकें लोटलीं तरी शास्त्राला त्या गांवाकडे पुन्हां वळावेंसें वाटलें. तें योग्यच होतें. रोगाचें ठाणें गांवाएवढें लहान असूं शकतें, आणि देशाच्या नकाशावर तें टिंबाएवढेंही दिसत नाहीं. लघवींत रक्त दिसलें तर मुतखडा किंवा उष्णता अशीं ओळखीचीं कारणें हातांशीं असतात. जो रोग या देशांत नाहींच असें पाठ्यपुस्तक सांगतें, तो शोधण्यास सूक्ष्मदर्शक कोण काढणार?

असेंच अलीकडे युरोपांतही घडलें. भूमध्य समुद्रांतील कॉर्सिका बेटावर कावू नांवाची स्वच्छ पाण्याची नदी आहे. २०१३ च्या उन्हाळ्यांत तींत पोहलेल्या सहलकऱ्यांना मूत्राशयाचा बिल्हार्झिया झाल्याचें पुढील वर्षीं उघड झालें. तेथें बुलिनस गोगलगाय होती. आफ्रिकेंतून आलेल्या कोणाच्या तरी शरीरांतून अंडीं आलीं, आणि दोघांची गांठ पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांतील पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील प्रतिबंधक उपचाराची गरज होती, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेंतले. एके काळीं यावर अँटिमनीचीं विषारी इंजेक्शनें द्यावीं लागत; १९७० नंतरच्या दशकांत प्राझिक्वांटेल हें तोंडानें घ्यावयाचें औषध निघालें आणि उपचार पुष्कळ सोपा झाला. परंतु औषध शरीरांतील कृमि मारतें. तळ्यांतील गोगलगाईला त्याची वार्ताही नसते. बरा झालेला मुलगा त्याच पाण्यांत उतरला तर रोग पुन्हां जडतो.

चरकानें सांगितलेल्या तीन उपायांपैकीं कृमि काढण्याचा उपाय आज गोळीच्या रूपानें हातीं आला आहे. कारण टाळण्याचा उपाय मात्र गोळींत मावत नाहीं. लघवी आणि मैला पाण्यापासून दूर ठेवणें, धुण्याला, आंघोळीला आणि गुरांना वेगळें पाणी असणें, नळाचें पाणी घरापर्यंत येणें, हीं कामें वैद्याचीं नसून गांवाचीं आणि सरकारचीं आहेत. सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांत वैशाखांत एकाच डबक्यावर सर्वांना जावें लागतें, तोंवर त्या डबक्याच्या निर्मळपणाची ग्वाही पाणी नितळ दिसण्यावरून देतां येणार नाहीं. कावू नदीचें पाणीही नितळच होतें.

चपट्या कृमींच्या अभ्यासाला शंभर-दीडशें वर्षें झालीं, तरी कोंकणच्या वहाळांतील आणि खांचरांतील गोगलगाईंची, त्यांच्या पोटांतील सर्केरियांची गणती पूर्ण झालेली नाहीं. सोपारकरांनीं ती मुंबईच्या परिसरांत सुरू केली. गाडगीळ आणि शहा यांनीं ती गिमवीपर्यंत नेली. पुढची तपासणी करणाऱ्याला फार मोठी सामग्री लागत नाहीं: कांचेचें एक भांडें, एक साधा सूक्ष्मदर्शक, आणि तळ्यांतील कुजलेलें पान उलटें करून पाहण्याचा धीर.